सशाचा डोळा आणि काचपात्रातला पडदा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींना तो जरा विचित्र वाटला असेल. साहित्य, इतिहास, राजकारण, अध्यात्म यांची या व्यासपीठाला सवय आहे. सशाच्या डोळ्यात साबणाचे पाणी घातले तर काय होते, हा प्रश्न येथे क्वचितच आला असेल. परंतु हा प्रश्न आपल्या न्हाणीघरातला आहे. लहान मुलाच्या डोक्याला शांपू चोळताना आई त्याला ‘डोळे घट्ट मीट’ म्हणून बजावते, आणि तरीही एखादा ओघळ डोळ्यात जातोच. मूल दहा मिनिटे रडते, डोळा लाल होतो आणि संध्याकाळपर्यंत सारे विसरले जाते. ते इतक्या सहज विसरता येते याचे कारण असे की, त्या शांपूतील द्रव्ये दुकानात येण्यापूर्वी कोणी तरी, कोठे तरी, कशाच्या तरी डोळ्यावर तपासून पाहिलेली असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तो डोळा बहुधा सशाचा असे. आता तेथे डोळाच नसावा, डोळ्याच्या पुढच्या पडद्याचा प्रयोगशाळेत वाढवलेला एक तुकडा पुरावा, अशी खटपट चालली आहे आणि ती पुष्कळशी साधली आहे. ती कशी साधली आणि कोठे अडली, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. सशाच्या डोळ्यावरची परीक्षा ही कोणा निर्दय माणसाच्या लहरीतून निघालेली नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या आणि भुवया काळ्या करण्याचा ‘लॅश ल्यूर’ नावाचा एक रंग विकला जात असे. त्यात पॅराफेनिलिनडायअमीन हे रसायन होते. तो लावून घेतलेल्या कित्येक स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर दाह झाला, काहींची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला. आणि सरकारला त्या रंगाची विक्री थांबवता आली नाही, कारण १९०६ च्या तेथील कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेखच नव्हता. हे आणि अशीच इतर प्रकरणे गाजल्यावर १९३८ मध्ये अन्न, औषधे आणि प्रसाधने यांचा नवा कायदा झाला. जाता जाता सांगायचे तर, हेच रसायन आजही केस काळे करण्याच्या अनेक कलपांत असते. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा कलपाच्या वेष्टनावर, तो भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते, अशी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरांतली सूचना आपण वाचत नाही, पण तिच्यामागे १९३३ च्या त्या दुर्दैवी स्त्रिया उभ्या आहेत.

कायदा झाला, तेव्हा मोजमाप हवे झाले. एखादे द्रव्य डोळ्यास किती घातक, हे आकड्यांत कसे सांगायचे? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाची खालची पापणी हळूच पुढे ओढायची, त्या खोबणीत द्रव्याचा दशांश मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, सोडायचा, आणि पापणी क्षणभर मिटून धरायची. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग एक तासाने, एक दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी पाहायचे आणि गुण द्यायचे. पूर्ण गुण ११०. त्यांतले ८० एकट्या स्वच्छमंडलाचे, १० बुबुळाच्या रंगीत पडद्याचे आणि २० पापणीच्या आतल्या अस्तराची लाली, सूज आणि स्राव यांचे. इजा भरून येते की नाही हे पाहण्यासाठी पुढे एकवीस दिवसांपर्यंत निरीक्षण करण्याचा परिपाठ पडला.

स्वच्छमंडलाला इतके गुण का, हे समजण्यासाठी त्याची थोडी ओळख हवी. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला जो पारदर्शक पडदा, तो स्वच्छमंडल. माणसात त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आपल्याला सारे जग लाल जाळीतून दिसले असते. प्राणवायू तो बव्हंशी अश्रूंच्या थरातून, म्हणजे हवेतूनच घेतो. त्याच्या पृष्ठभागावर पाच ते सात पेशींचा एक थर असतो, आणि कातडीप्रमाणेच हा थर झिजतो व खालून नवा भरून येतो. नव्या पेशी पुरवणारे मूळ पेशींचे कोठार बुबुळाच्या काठावर, काळे आणि पांढरे जेथे मिळते त्या कडेला असते. वरच्या थराला ओरखडा गेला तर दोन-चार दिवसांत तो बुजतो. त्याखालच्या जाड, तंतुमय थराला इजा झाली तर डाग राहतो. मूळ पेशींची कडच जळाली तर मात्र पडदा कायमचा गढूळ होतो. ही तीन वाक्ये कृपा करून ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ससाच का निवडला? तो स्वस्त, गरीब स्वभावाचा आणि मोठ्या डोळ्यांचा प्राणी आहे, आणि पांढऱ्या जातीच्या सशाच्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्यामुळे लाली स्पष्ट दिसते. निवड सोयीची होती. डोळ्याच्या साम्यावरून झालेली नव्हती. सशाला तिसरी पापणी असते. त्याची पापणी फार क्वचित लवते आणि अश्रू कमी येतात, त्यामुळे द्रव्य डोळ्यात अधिक वेळ रेंगाळते. त्याचे स्वच्छमंडल आपल्यापेक्षा पातळ आहे. आपल्या मुलाला आपण म्हणतो, ‘डोळे चोळू नकोस, पाणी मार.’ सशाला पाणी मारता येत नाही आणि कित्येक प्रयोगशाळांत त्याची मानच एका खाचेत अडकवलेली असे. डोळा बधिर करण्याचे औषध आधी द्यावे ही शिफारस आंतरराष्ट्रीय नियमावलीत आली ती २०१२ साली. पद्धत निघाल्यावर अडुसष्ट वर्षांनी!

करुणेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. निखळ शास्त्राच्या दृष्टीनेही ही परीक्षा किती विश्वासाची होती? १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या दोन संशोधकांनी तीच द्रव्ये विसाहून अधिक प्रयोगशाळांना पाठवून निकाल ताडून पाहिले. एका प्रयोगशाळेने ज्याला जहाल ठरवले त्याला दुसरीने सौम्य म्हटले होते. कारण उघड आहे. ‘किंचित गढूळ’ आणि ‘बराच गढूळ’ यांतली सीमा पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. पुढे युरोपात रसायनांच्या नोंदणीसाठी जमलेल्या हजारो परीक्षांची छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच द्रव्य पुन्हा तपासले असता ‘निरुपद्रवी’ हा निकाल शंभरांत ९४ वेळा कायम राहतो, ‘गंभीर इजा’ हा निकाल मात्र ७३ वेळाच, असे तीत आढळले. मधल्या वर्गांची स्थिती याहून वाईट. आता, ज्या तराजूत तेच धान्य दोनदा घातले तर वजन बदलते, त्या तराजूवर आपण दुकानदाराशी भांडलो असतो. येथे भांडणारा कोणी नव्हता. ससा बोलत नाही.

भांडणारे पुढे निघाले. १९५९ मध्ये इंग्लंडात रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल एक ग्रंथ लिहिला आणि तीन पायऱ्या सांगितल्या. जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा. न जमल्यास प्राण्यांची संख्या कमी करा. तेही न जमल्यास निदान त्यांच्या यातना कमी करा. ग्रंथ चांगला होता आणि त्या काळी फारसा कोणी वाचला नाही. विद्वानांच्या ग्रंथांचे बहुधा असेच होते. त्याला धार आली ती हेन्री स्पायरा या न्यूयॉर्कमधल्या एका शिक्षकामुळे. ऐन उमेदीत बोटींवर खलाशी म्हणून काम केलेला हा गृहस्थ. १५ एप्रिल १९८० रोजी त्याच्या पुढाकाराने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली. सौंदर्यासाठी किती सशांना आंधळे करता, असा रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीला तीत थेट सवाल होता. त्याच वर्षअखेर त्या कंपनीने पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि १९८१ मध्ये प्रसाधन व्यावसायिकांच्या संघटनेच्या देणगीतून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र केंद्र निघाले. स्पायराचे आम्हास कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की, ‘बंद करा’ म्हणून तो थांबला नाही. ‘दुसरे शोधा, आणि त्याचे पैसे तुम्ही द्या’ असे त्याने म्हटले.

दुसरे शोधायचे म्हणजे काय? येथे विषयाचा गाभा लागतो. माणसाच्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी काचपात्रात दीर्घकाळ वाढवण्याची युक्ती राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत दाखवली. एकट्या ठेवल्या तर या पेशी तग धरत नाहीत. किरणांचा मारा करून वाढ खुंटवलेल्या उंदराच्या पेशींची गादी त्यांच्याखाली पसरली की त्या जोमाने वाढतात. या युक्तीचे पुढे अनेक फाटे फुटले. भाजलेल्या रोग्यांसाठी कातडी वाढवणे हा एक. डोळ्याच्या कडेवरचा कणभर निरोगी तुकडा घेऊन त्यापासून स्वच्छमंडलाचा पृष्ठभाग वाढवायचा आणि जळलेल्या डोळ्यावर बसवायचा, हा दुसरा. इटलीत हे काम १९९७ मध्ये पुढे आले. तिसरा फाटा आपला, परीक्षेचा.

रीत अशी. लहानशा पेल्यासारखे एक भांडे असते, त्याचा तळ म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा एक पापुद्रा. त्या पापुद्र्यावर पेशी पेरायच्या आणि पेला पोषक द्रवात बुडवून ठेवायचा. पेशींनी तळ झाकला की वरचा द्रव काढून टाकायचा. आता पेशींना खालून अन्न मिळते आणि वरून हवा लागते. डोळ्यात स्वच्छमंडलाची अवस्था नेमकी अशीच असते. हवा लागताच पेशी एकावर एक थर रचू लागतात. खालचे उभट, वरचे चपटे. सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिला तर तो माणसाच्या स्वच्छमंडलाच्या पृष्ठथरासारखा दिसतो. अमेरिकेत ‘एपिऑक्युलर’ नावाचा जो तुकडा तयार करतात तो, गंमत अशी की, डोळ्याच्या पेशींपासून बनतच नाही. कातडीच्याच पेशींना असे वळण लावतात की त्या स्वच्छमंडलासारख्या वाढतात. फ्रान्समधला ‘स्किनएथिक’ हा माणसाच्या स्वच्छमंडलाच्या, अखंड वाढत राहतील अशा केलेल्या पेशींपासून बनतो. जपानमध्ये दान केलेल्या डोळ्याच्या कडेवरच्या पेशी घेतात. म्हणजे नेत्रदानाने एकाला दृष्टी मिळते हे आपण जाणतो. त्याचा हाही एक उपयोग आहे.

परीक्षेचा दिवस पाहा. प्रत्येक द्रव्यासाठी दोन तुकडे. द्रव पदार्थ असेल तर त्याचे ५० मायक्रोलिटर, म्हणजे सशाच्या डोळ्यात घालत त्याच्या निम्मे, तुकड्यावर सोडून ‘एपिऑक्युलर’च्या रीतीत अर्धा तास ठेवतात. मग धुऊन काढतात, बारा मिनिटे स्वच्छ द्रवात भिजवतात आणि दोन तास उबेत ठेवतात. पूड असेल तर सहा तास लावून ठेवतात आणि पुढची विश्रांती अठरा तासांची. शेजारी दोन तुकडे नुसत्या पाण्याचे आणि दोन तुकडे मिथाइल ॲसिटेट या ठाऊक असलेल्या दाहक द्रव्याचे, म्हणजे त्या दिवशी हात चुकला तर कळावे. शेवटी तुकडा एमटीटी नावाच्या पिवळ्या द्रवावर तीन तास ठेवतात. जिवंत पेशी तो पिवळा रंग आपल्या श्वसनक्रियेत पचवून जांभळा करतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. जांभळा रंग अल्कोहोलात उतरवून घेतात आणि यंत्र त्याची गडदता मोजते. पाण्याच्या तुकड्याचा रंग शंभर धरला, आणि द्रव्य लावलेल्याचा साठांहून अधिक आला, तर द्रव्य डोळ्याला दाहक नाही असा निकाल. साठ किंवा कमी आला तर ते द्रव्य निर्दोष म्हणून सुटत नाही. ‘किंचित गढूळ की बराच’ हा वाद येथे उरत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ज्या संस्थेच्या चाचणीपद्धती बहुतेक प्रगत देश प्रमाण मानतात तिने, ही पद्धत २०१५ मध्ये ४९२ क्रमांकाखाली स्वीकारली.

आता खरा प्रश्न. हा तुकडा चुकतो की नाही? चुकतो. स्वीकारापूर्वी शंभरावर द्रव्यांवर त्याची कसोटी झाली. खरोखर दाहक असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९६ द्रव्ये त्याने पकडली. उलट, निरुपद्रवी म्हणून ठाऊक असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६३ च त्याने निरुपद्रवी म्हटली. बाकीच्या ३७ जणांवर नाहक संशय घेतला. कारखानदाराला हा पहारेकरी फार संशयी वाटेल. परंतु ज्याच्या घरात मूल आहे त्याने विचारावे की, चोराला सोडणारा पहारेकरी बरा की पाहुण्याला दारात थांबवणारा? आणि शिवाय, ‘दाहक’ आणि ‘निरुपद्रवी’ हे ठरवले कोणी? सशानेच! नव्या पद्धतीची परीक्षा जुन्या पद्धतीच्या उत्तरपत्रिकेवर घेतली गेली, आणि ती उत्तरपत्रिका स्वतःशीच पुरती जुळत नव्हती हे आपण वर पाहिले. त्या ३७ मध्ये तुकड्याची चूक किती आणि सशाची किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

तरीही या तुकड्याची स्तुती करताना हात आखडता घ्यावा लागतो, आणि त्याचे कारण आपल्या खिशात सापडेल. तंबाखूबरोबर चुना लागतो. चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागते, मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. आपल्या देशात मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांमध्ये हे कारण नेत्रवैद्यांना पुरेपूर परिचित आहे. आम्ल डोळ्यात गेले तर ते वरच्या थरातील प्रथिने गोठवते, आणि तो गोठलेला थरच बहुधा आम्लाला पुढे जाण्यास अडवतो. चुन्यासारखा अल्कली पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करतो आणि आत उतरत राहतो. शिवाय चुन्याचे कण पापणीखाली चिकटून पुन्हा पुन्हा विरघळतात. दहा मिनिटांपूर्वी वरवर दिसणारी इजा तंतुमय थरात जाते, कडेच्या मूळ पेशी जाळते, आणि मग वर सांगितलेला कायमचा गढूळपणा येतो. म्हणून चुना उडाल्यास डॉक्टरकडे धावण्यापूर्वी डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, पापणी उलटून कण काढावेत, आणि मगच निघावे. तूप, दूध, मध असले काही घालू नये.

या उदाहरणातून आपल्या तुकड्याचे उणेपण दिसते. त्याला फक्त वरचा थर आहे. खाली तंतुमय थर नाही, कड नाही, रक्त नाही, अश्रू नाहीत, वेदना तर नाहीच. पेशी मेल्या हे तो सांगतो. डोळा तीन आठवड्यांत भरून येईल की जन्माचा जाईल, हे २०१५ ची पद्धत सांगू शकत नव्हती. कायद्याला तर हे दोन वर्ग वेगळे हवे असतात, कारण डब्यावर कोणते चिन्ह छापायचे ते त्यावरून ठरते. तिन्ही थरांचे स्वच्छमंडल वाढवण्याचा प्रयत्नही झाला आहे. कॅनडात मे ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते करून दाखवले. परंतु रोजच्या तपासणीला साधा तुकडाच सोयीचा पडतो. मग त्याला वेळेचे परिमाण दिले गेले. तेच द्रव्य ‘स्किनएथिक’च्या एका तुकड्यावर ५ मिनिटे, दुसऱ्यावर १६ मिनिटे आणि तिसऱ्यावर १२० मिनिटे ठेवायचे आणि पेशी केव्हा मरू लागतात ते पाहायचे. पाच मिनिटांत मारणारे द्रव्य खोल उतरणार, असा हा अंदाज. २०२२ मध्ये या रीतीला मान्यता मिळाली आणि तिच्या आधारे तीनही वर्ग करता येऊ लागले. जोडीला खाटीकखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या डोळ्यांवरील परीक्षाही २००९ पासून मान्य आहे; खाण्यासाठी मारलेल्या जनावराचे टाकाऊ डोळे घेऊन ते किती गढूळ होतात ते मोजतात. आमच्या काही श्रोत्यांना हे ऐकवणार नाही, तरी त्यासाठी वेगळे जनावर मारावे लागत नाही, हे ध्यानात घ्यावे. आणि तीव्र अल्कली किंवा आम्ल सशाच्या डोळ्यात घालूच नये, त्याची मात्रा मोजूनच निकाल द्यावा, असे आता सशाच्या परीक्षेची नियमावलीच सांगते.

आणखी एक कबुली या शास्त्राच्या वतीने द्यायला हवी. पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात पुष्कळ ठिकाणी अजून गाईच्या गर्भातील वासराच्या रक्ताचा द्रव वापरतात. ‘प्राणिमुक्त’ हा शब्द डब्यावर मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. त्याशिवाय पेशी वाढवण्याचे द्रव निघाले आहेत आणि त्यांचा वापर वाढतो आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा आपला कायदा १९६० चा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेली खटपट होती. त्या कायद्यात शास्त्रीय प्रयोगांना मुभा ठेवली गेली, पण त्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूदही झाली. मे २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवर परीक्षा करण्यास आपल्या नियमांनी बंदी घातली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी परीक्षा केलेली प्रसाधने बाहेरून आणण्यासही. युरोपात विक्रीवरची पूर्ण बंदी त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये आली होती. या बाबतीत आपण फार मागे राहिलो नाही. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांतही पेशींवरील व तत्सम पद्धतींना प्राण्यांच्या बरोबरीने स्थान मिळाले. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात पर्यायी पद्धतींचे एक केंद्र निघाले आणि त्याला गांधीजींचे नाव दिले गेले.

मात्र २०१४ ची बंदी प्रसाधनांपुरती आहे. भांडी घासण्याची पूड, फरशी पुसण्याचे द्रव, शेतावर फवारायची औषधे, कारखान्यातली विरघळवणारी द्रव्ये ही प्रसाधने नव्हेत, त्यामुळे ती बंदी त्यांना लागू नाही. मुलाच्या डोळ्याला शांपूपेक्षा फरशीच्या द्रवाचे आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला फवारणीचे भय अधिक. शेतावरच्या औषधांत एकाच डब्यात पाच-सहा द्रव्यांचे मिश्रण असते. अशा मिश्रणांवर काचपात्रातल्या पद्धती कितपत टिकतात, याची तपासणी ठिकठिकाणी चालू आहे, आणि ती पुरी होईपर्यंत सशाची सुटका अर्धीच झालेली आहे.